जाजमाचं शीड

होडीला बैल किती जुंपणार, असा लेखी सवाल वरच्या कचेरीतून आला, तेव्हा होडी आमच्या अंगणात उपडी पडली होती आणि तिच्यावर शेजारणीच्या गोधड्या वाळत होत्या. सवाल उर्दूत होता, खाली सही होती आणि सहीखाली शिक्का होता, त्यामुळे हसायची सोय नव्हती. मी शाळामास्तर माणूस. सरकारला उलट उत्तर द्यायची माझी टाप नाही. मी अदबीनं लिहून कळवलं की बैल नाहीत, बैलांच्या जागी वारा आहे. थोड्या दिवसांनी तोच कागद परत आला. 'वारा अर्जदाराच्या मालकीचा आहे किंवा कसे, ते नमूद करावे.'

आता तुम्ही विचाराल, मास्तरानं पोरांचे पाढे घ्यायचे सोडून होडीच्या भानगडीत पडावं कशाला? साऱ्या गावानं हेच विचारलं. विचारणाऱ्यांत एकही असा नव्हता की ज्यानं पुढं दोन सल्ले दिले नाहीत.

त्याचं असं आहे. आमचं काठापूर पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर, म्हणजे निजामाच्या मुलखात. माझी सासुरवाडी बरोबर समोर पलीकडच्या काठावर, म्हणजे इंग्रजांच्या वऱ्हाडात. मधे फक्त नदी. उन्हाळ्यात मी धोतर खोचून पलीकडं चहाला जाई आणि पान खात परत येई. पण आखाडात एकदा पाणी चढलं की दिवाळीपर्यंत समोरचं गाव नुसतं बघायचं. आणि नागपंचमी येते श्रावणात! पंचमीला साऱ्या जगातल्या लेकी माहेरी जातात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आमच्या परसातून त्यांच्या घाटावरचा लिंब दिसतो, झोकाही दिसतो. आमची रुक्माबाई दर पंचमीला परसात उभी राहून दुसऱ्यांचे झोके बघे आणि मग घरात येऊन माझ्या पुढ्यात ताट आदळे.

"मग पाऊस लागायच्या आधीच जाऊन राहा की," असं मी एकदा म्हणालो होतो. तो माझा शेवटचा शहाणपणा.

"आखाडापासून माहेरी जाऊन बसलेल्या बाईला लोक काय म्हंतेत ठावं हाय? टाकलेली म्हंतेत! पंचमीला जायचं म्हंजे पंचमीलाच जायचं."

तशी नदी ओलांडायची एक सोय होती. लखमा नावाचा पट्टीचा पोहणारा गुऱ्हाळातली रस आटवायची भलीमोठी काहील पाण्यात सोडी, माणसाला तिच्यात बसवी आणि पोहत पोहत ढकलत नेई. लग्नाच्या पहिल्या वर्षी रुक्मा अशी गेली होती. मधल्या धारेत काहील गरागरा फिरली. पलीकडं उतरल्यावर हिला सगळं माहेर फिरताना दिसलं आणि वैनीच्या नव्या लुगड्यावर ओकारी झाली. तेव्हापासून तिनं आण घेतली. "मी काही गूळ न्हाई काहिलीत बसायला," असं ती म्हणे.

पण त्या वर्षी गोष्ट वेगळी झाली. तिकडं जर्मनीत लढाई चालू होती, इकडं कापडाला कंट्रोल लागला होता, आणि जेठातच सासूबाईंचा निरोप आला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. लखमानं निरोप जसाच्या तसा सांगितला. "या पंचमीला लेकीचं तोंड थोडं तरी दिसंल. फुडल्या पंचमीला निस्ता आवाज ऐकू यील. औंदा ये म्हणावं."

रुक्मा चुलीपुढून उठली. परसात जाऊन पलीकडं बघत उभी राहिली. चुलीवरचा भात करपला तरी आत आली नाही. मी मागं गेलो आणि म्हणालो, "या पंचमीला तुला मी स्वतः होडीतून नेतो. शिडाच्या."

नुसतं 'होडीतून' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण गेली कितीतरी वर्षं मी पोरांना भूगोलात व्यापारी वारे शिकवत होतो. समुद्र मी बघितलेला नव्हता, शीड चित्रात बघितलेलं होतं, आणि तेवढ्यावर ते 'शिडाच्या' माझ्या तोंडून निघून गेलं. रुक्मानं वळून माझ्याकडं अशा काही नजरेनं बघितलं की आता माघार घेणं शक्य नव्हतं.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. वर्गात पोरं कविता म्हणत आणि मी खिडकीतून नदी बघे. रोज पाणी किती चढलं ते बघायला दिवसातून चारचारदा घाटावर जाई. जेवताना उठे, पानाला चुना लावता लावता उठे. रुक्मा म्हणे, "अवो, बसा की घटकाभर! पायाला भिंगरी बांधली का काय?" पण मला बसवत नसे, ते नसेच.

होडी मिळाली हिंगोलीला, गुलाबचंद शेठच्या वाड्यामागं. छावणीतला कुणी साहेब फार पूर्वी तलावात विहार करायचा, त्याची ती. शेठकडं ती म्हशींची गव्हाण होती. म्हशी तीत सरकी खात. "ले जाओ मास्टर, जगा खाली होईल," म्हणून शेठनं ती मला फुकट दिली. फुकटच्या वस्तूनं माणूस जितका नागवतो तितका विकतच्या वस्तूनं नागवत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. गाडीवर घालून ती निघाली तशी एक म्हैस दावं तोडून आमच्यामागं निघाली. तिची बिचारीची गव्हाण चालली होती. ती कळमनुरीच्या वाटेवर बरीच लांबपर्यंत हंबरत आली, आणि वाटेत भेटणारा प्रत्येक जण गाडीवानाला सोडून मलाच विचारी, "म्हैस चोरून आणली काय?"

अंगणात होडी उतरली आणि सल्ले सुरू झाले. होडीला फटी इतक्या होत्या की आत बसून बाहेरची गंमत बघता यावी. कुणी म्हणे राळ भरा, कुणी म्हणे शेणकाला. शेवटी सगळ्या म्हाताऱ्यांचं एकमत झालं ते चुना, गूळ आणि मेथीच्या घोटीव लेपावर. "जुन्या गढ्या याच मसाल्यावर उभ्या हायती," ते म्हणाले.

"गढ्या काही पवत न्हाईत," रुक्मा ओट्यावरून म्हणाली. बायकांनी मधे बोलू नये असं तिला सांगून मी स्वतःच्या हातानं सगळ्या फटी लिंपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साऱ्या काठापुरातले मुंगळे माझ्या होडीत आले होते. त्यांनी गूळ खाल्ला, मेथी टाकली आणि चुना उघडा पाडला. मग राळ आणि जवसाचं तेल आणून तेच काम परत केलं. माझे हात इतके काळे आणि चिकट झाले की वर्गात खडू हातातून सुटेना.

डोलकाठीसाठी वारंग्याहून लांबलचक वेळू आणला. तो उभा राहीना. त्याला बुडाशी खोबण लागते हे मी चित्रात पाहिलेलं नव्हतं, कारण चित्रात पाणी तेवढ्यापर्यंत आलेलं होतं. मी रात्रंदिवस विचार केला आणि मला एकदम आमचं दगडी उखळ दिसलं. होडीच्या मधोमध उखळ ठेवून त्यात वेळू उभा केला, भोवती पाचरी ठोकल्या. वेळू ताठ राहिला आणि उखळाच्या वजनानं होडीही डुलेनाशी झाली. एका दगडात दोन पक्षी! फक्त घरात आता कुटायला उखळ उरलं नाही, आणि रुक्मा शेंगदाणे घेऊन होडीत जाऊन कुटू लागली. येणारेजाणारे उभे राहून बघत.

शीड वर चढवायला कप्पी हवी. कप्पी गावात एकच, सरकारी विहिरीची. मी ती फक्त एका संध्याकाळपुरती मापाला म्हणून आणली होती. सकाळी बायकांची रांग आमच्या दारात आली, रिकाम्या घागरींसकट. त्या जे बोलल्या त्यातलं इथं लिहिण्याजोगं काही नाही. शेवटी पंचमीपर्यंत रोज सकाळी कप्पी विहिरीवर आणि दुपारनंतर होडीवर, असा तह झाला. सुकाणूला शाळेतला अर्धा तडकलेला जुना फळा घेतला आणि खिडकीच्या बिजागऱ्यांनी मागं बसवला. फळ्याला जवसाचं तेल लावलं तेव्हा त्यावरचा एकोणतिसाचा पाढा आत मुरून पक्का झाला होता, तो शेवटपर्यंत पुसला गेला नाही.

राहिलं शीड. कंट्रोलच्या दिवसांत एवढं कापड आणायचं कुठून? मग गावच्या लग्नाचं जाजम काढलं. चाँद पाशा शिंपी हट्टा गावचा, शेरवानी शिवण्यात सात गावांत त्याचा हात धरणारा नाही. मी त्याला शिडाचा आकार जमिनीवर काढून दाखवला. तो कंबरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला.

"मास्तरसाब, ये पहनेगा कौन?"

"वारा."

"तो वारे का माप लाव ना! बिना माप का चाँद पाशा हात नै लगाता."

मी त्याला नदीवर नेऊन वारा दाखवला. त्यानं दोन्ही हात पसरून छाती पुढं करून वारा अंगावर घेतला, मनाशी हिशेब केला आणि म्हणाला, "पेट बड़ा है इसका." शीड शिवून आलं ते असं, की मधे पोटाला ऐसपैस, खांद्याला घट्ट आणि खालच्या बाजूला काज-बटणं. बटणं कशाला म्हणून विचारलं तर म्हणे, "ठंडी में हवा तेज रहती. बंद कर लेना." वर हळदीचे डाग, मधे छापाचे हत्ती आणि कडेला पंगतींचं तेल. असं ते शीड पहिल्यांदा वर चढलं तेव्हा समोरच्या काठावर माणसं गोळा झाली. लग्न आहे असं त्यांना वाटलं.

दोर बांधायचा तेवढा राहिला. मी ज्या ज्या गाठी मारी त्या त्या वाऱ्याच्या पहिल्या झटक्याला सुटत. तांड्यावरचे पेमा नाईक हे बघत विडी ओढत बसले होते. त्यांच्या बापजाद्यांनी बैलांवर मीठ लादून मुलूख तुडवलेला. ते उठले आणि त्यांनी दोराला एक गाठ मारली. "ह्ये लदेणीची गाठ. जितकं वढाल तितकी आवळंल. मिठाचा बैल हैदराबादेपतूर जावो, गाठ ढिली व्हत न्हाई."

"आणि सोडायची कशी?" मी विचारलं. हे मी विचारलं होतं, याची कृपा करून नोंद घ्यावी.

"सोडायची कामून? मुक्कामाला बैल खाली बसला, भार उतरला, की गाठ आपुआप ढिली."

मी मान डोलावली. गाठ शिकून घेतली, दहा वेळा घोटली. बैल आणि वारा यांत काही फरक असतो, हे त्या घटकेला कुणाच्याही डोक्यात आलं नाही. सरकारच्या डोक्यात मात्र ते आधीच आलं होतं, हे आता मला मान्य करावं लागतं.

इकडं माझ्या परवान्याच्या अर्जाचा तो कागद अजून फिरतच होता. नाक्यावरचे नाकेदार फारुकमियाँ रोज संध्याकाळी येऊन होडीभोवती एक चक्कर मारीत. माणूस भला, पण कायद्याचा पक्का. नदीच्या मधोमध दोन सरकारांची हद्द, आणि त्या हद्दीपार जाणारी प्रत्येक चीज एक तर सवारी, नाही तर माल. होडी सवारी म्हणावी तर परवाना पाहिजे, आणि परवान्यासाठी वाऱ्याची मालकी ठरली पाहिजे. पंचमीच्या आदल्या दिवशी हुकूम आला. वाऱ्याचा खुलासा होईपर्यंत होडी माल समजावी.

"माल है तो मैं साथ आऊँगा," फारुकमियाँ म्हणाले. "नदी के बीच तक पोचाना मेरा फर्ज."

"आणि मधून परत कसे येणार?"

"वो बाद में देखेंगे."

पंचमी उजाडली. आमच्याकडं पंचमीला काही चिरत नाहीत, कापत नाहीत, खणत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत. नागाला लागतं, आणि नागाला लागलं की भावाला लागतं, कारण बहिणी हा दिवस भावासाठी पाळतात. रुक्मानं वारुळाची पूजा केली, लाह्या फुटाणे वाहिले, उकडलेली पुरणाची दिंडं डब्यात भरली आणि नवं लुगडं नेसून होडीत येऊन बसली, अगदी ताठ. फारुकमियाँ रुमाल अंथरून पुढच्या टोकाला बसले. मी फळ्याचं सुकाणू धरलं. सारं गाव घाटावर होतं. चाँद पाशा ओरडला, "मास्तरसाब, नीचे का बटन खुला रखो!"

आणि काय सांगू, होडी चालली! मावळतीचा वारा भरून आला, शिडातले हत्ती फुगले, आणि आमची म्हशीची गव्हाण गढूळ पाणी कापत तिरकी तिरकी सुटली. रुक्मानं माझ्याकडं बघितलं. लग्नानंतर तिनं माझ्याकडं असं कौतुकानं बघितलेलं मला आठवत नाही. मी मिशीवरून हात फिरवला. फारुकमियाँ मधल्या धारेला उभे राहून म्हणाले, "बस, मेरी हद खतम. रोको."

"रोकता येत नाही," मी म्हणालो. हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

पलीकडचा घाट जवळ आला. लिंब आला, झोका आला, नव्या लुगड्यांतल्या माहेरवाशिणी आल्या, आणि पायरीवर मेव्हणा नागोराव आईचा हात धरून उभा दिसला. आता शीड उतरवायचं. मी गाठीला हात घातला. गाठ दगड झाली होती. दोन्ही हातांनी ओढली, दातांनी ओढली. तेवढ्यात मागं कडकन आवाज झाला आणि एकोणतिसाचा पाढा बिजागऱ्यांसकट वाहत गेला.

अलीकडच्या काठावरून पेमा नाईकांचा आवाज आला, "बैल बसवा, मास्तर! बैल बसवा!"

"वारा कसा बसवू?" मी ओरडलो.

घाटाच्या वरच्या अंगाला, हाताच्या अंतरावर म्हणावा असा, एक भोवरा आहे. होडी त्यात शिरली आणि गरगर फिरायला लागली. शीड कधी फुगे, कधी फटकन उलटं बसे. राळेचं लिंपण सुटलं आणि पाणी आत आलं. रुक्मा दिंडं पदरात ओतून रिकाम्या डब्यानं पाणी उपसायला लागली.

"काहिलीत अन् ह्याच्यात फरक काय मंग?" ती ओरडली. तेवढ्यात होडी फिरली आणि तिचं तोंड घाटाकडं झालं. "आई! मी आले वं!"

"रुक्मे!" सासूबाई दोन्ही हात पुढं करून म्हणाल्या. "कुठशी हाईस? आवाज घडीत इकडून येऊन राहिला, घडीत तिकडून!"

होडी परत फिरली. रुक्माचं तोंड माझ्याकडं आलं. डोळ्यांत पाणी होतं आणि संतापही होता. "अवो, दहा हातांवर माय उभी हाय! करा ना काही!"

फारुकमियाँनी खिशातून चाकू काढला. "दोर काट डालता मैं. काम खतम."

"न्हाई!" रुक्मा किंचाळली. "आज पंचमी हाय! काही कापायचं न्हाई. माझ्या भावाला लागंल!"

"बेटी, मेरी थोडीच पंचमी है? मैं काटता."

"हात तुमचा, पण दोर आमच्या घरचा ना!"

फारुकमियाँ विचारात पडले. कायद्याचा माणूस, मुद्दा त्यांना पटला. चाकू मिटून त्यांनी खिशात टाकला. मी कपाळ बडवून घेतलं. काठावरून नागोराव ओरडला, "ताई, काप! मला काय व्हत न्हाई!"

"तू गप रे!" होडीतून रुक्मा आणि काठावरून सासूबाई एका आवाजात ओरडल्या.

पाणी घोट्याच्या वर आलं होतं. मला पोहता येत नव्हतं. रुक्माला येत नव्हतं. चिडून उपयोग नव्हता तरी मी चिडलो. कचेरीवर, पेमा नाईकांवर, व्यापारी वाऱ्यांवर आणि सगळ्यांत जास्त त्या 'शिडाच्या' या एका शब्दावर. नुसती काहील घेऊन आलो असतो आणि हिला हातापाया पडून तीत बसवलं असतं, तर आत्ता ही आईजवळ असती. मला खरंच रडू येऊ लागलं.

मग सासूबाईंना सुचलं. "नाग्या, झोका सोड! कापू नको, सोड!"

नागोराव लिंबावर चढला. झोक्याचा एक पदर त्यानं फांदीवरून सोडला, दुसरा तसाच ठेवला, आणि दोरखंड पाण्यात भिरकावला. होडी फिरता फिरता तो रुक्माच्या हाती लागला. तिनं माझ्याकडं फेकला. मी तो होडीच्या पुढच्या लोखंडी कड्याला झटक्यात बांधला. घाटावर साऱ्या माहेरवाशिणींनी पदर खोचले आणि गाणं म्हणत दोर ओढला. मला आयुष्यात एवढ्या बायकांनी एकदम कधी ओढलेलं नाही. होडी भोवऱ्यातून हिसका मारून निघाली, त्या हिसक्यानं उखळातला वेळू कडाडून मोडला, आणि हत्ती, हळद, काज-बटणं असं सगळं शीड फारुकमियाँवर आणि माझ्यावर येऊन पडलं.

जाजमाखालून बाहेर आलो तेव्हा होडी गुडघाभर पाण्यात घाटाच्या पायरीला टेकली होती. पहिला सवाल कुणीतरी केला तो असा की, पंचमीला वेळू मोडला, त्याचा दोष लागतो काय?

"चिरलं त्याला दोष," सासूबाई म्हणाल्या. "आपुआप मोडलं त्याला काय दोष?" आणि तो प्रश्न मिटला.

दुसरा प्रश्न मिटेना. पोरी झोका परत बांधायला आल्या आणि त्यांना होडीच्या कड्याशी माझी गाठ दिसली. मला एकच गाठ येत होती. ती मी मारली होती. नागोरावानं ओढून बघितली, फारुकमियाँनी ओढून बघितली. पाण्याच्या ओढीनं ती आवळतच चालली होती. कापायची सोय नव्हती. गावातला एकुलता एक लांब दोरखंड, त्याचं एक टोक लिंबाच्या फांदीला आणि दुसरं टोक माझ्या होडीला, आणि दिवस पंचमीचा! पोरी माझ्याकडं बघायला लागल्या. ज्या माणसानं एका गावाची विहीर बंद पाडली, त्यानं आता दुसऱ्या गावाचा झोका बंद पाडला होता. मी मान खाली घालून धोतर पिळत उभा राहिलो.

रुक्मा अजून होडीतच बसून होती. सासूबाई चाचपडत पायऱ्या उतरल्या, नागोरावानं त्यांना हात देऊन आत बसवलं. त्यांनी लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, उन्हाकडं वळवलं आणि अगदी जवळ नेलं.

"दिसते का गं आई?"

"दिसतीस." त्या बराच वेळ बघत राहिल्या. "वाळलीस. अन् कपाळाला काळं काय गं ह्ये?"

"होडीची राळ."

सासूबाईंनी पदरानं ते कपाळ पुसलं. रुक्मा हमसून हमसून रडली, आणि मग डब्यात काही राहिलंच नाही म्हणून पदरातलंच एक भिजलेलं दिंड तिनं आईला भरवलं. त्यांच्या हालचालीनं होडी दोराला ताण देत पुढं गेली आणि लाटेनं मागं आली. परत गेली, परत आली. एक पोरगी टाळी वाजवून म्हणाली, "बाई गं, झोकाच की!" आणि बघता बघता त्या म्हशीच्या गव्हाणीत तीनचार माहेरवाशिणी दाटीनं येऊन बसल्या आणि कुणीतरी गाणं धरलं.

फारुकमियाँ ओली टोपी पिळत माझ्याजवळ आले. "मास्तरसाब, कागज पर क्या लिखूँ? सवारी, के माल?"

"झोका," मी म्हणालो.

त्यांनी मनाशी सगळे कायदे तपासले. "झोके पे महसूल नै," ते म्हणाले आणि जोडे काढून पायरीवर ठेवले.

वारा पडला होता. बैल अखेर बसला होता, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता. होडी हळूहळू थांबली. गाणं अर्ध्यावर राहिलं. सासूबाई लेकीच्या खांद्यावर हात टाकून मधे बसल्या होत्या. मी कुठं उभा आहे हे त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्या अंदाजानंच नदीकडं तोंड करून म्हणाल्या,

"जावईबापू, झोका थांबला की वं. हलवा ना जरा."

मी धोतर कंबरेला खोचलं, पाण्यात उतरलो, आणि फारुकमियाँनी एक बाजू धरली तशी दुसरी बाजू धरून हलवायला लागलो.